पहारेकऱ्याचे काम

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत जे दाट धुके उतरते, त्या धुक्यात विमान उतरवण्यासंबंधीचा एक नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटावा असा आहे. दृष्टी फारच मंदावली म्हणजे वैमानिकाने स्वतःच्या हाताने विमान उतरवायचे नाही. ते काम ऑटोपायलट या यंत्रानेच करायचे. वैमानिक कितीही मुरलेला असो, त्या शेवटच्या दोनतीनशे फुटांत स्वतःच्या हातांवर भरवसा ठेवण्याची त्याला परवानगी नाही. परंतु त्याच नियमाचा दुसरा भाग असा, की यंत्र हे काम करीत असताना दोन वैमानिकांनी आपापल्या जागी बसून, क्षणभरही नजर न काढता, यंत्राच्या वर्तनावर पहारा ठेवायचा. आणि काही विपरीत घडले तर त्याचा जाब विमानाच्या प्रमुखाने द्यायचा. हात लावू नको, डोळा काढू नको, आणि जबाबदारी मात्र तुझीच, असा हा तिहेरी हुकूम आहे.

या हुकुमामागे जो नैतिक प्रश्न आहे तो केवळ विमानविद्येचा नाही. जो स्वतः काही करीत नाही, केवळ पाहतो, त्याच्या पाहण्याला काम म्हणावे काय? म्हणावे, तर ते चांगले झाले की वाईट, हे कशावरून ठरवावे? पवित्र शास्त्रात पहारेकऱ्याला जे मोठे स्थान दिले आहे ते ध्यानात घेता ख्रिस्ती वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

ही व्यवस्था कशी चालते ते प्रथम थोडक्यात पाहू. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक अँटेना असते, तिला लोकलायझर म्हणतात. ती डावे-उजवे सांगते. विमान जेथे टेकावयाचे त्या जागेच्या बाजूला दुसरी अँटेना असते. ती उताराची रेषा सांगते, आणि हा उतार बहुधा तीन अंशांचा असतो. दोन्ही अँटेना ९० व १५० हर्ट्झ अशा दोन स्वरांनी भारलेल्या रेडिओलहरी सोडतात. विमानातील यंत्राला हे दोन्ही स्वर समसमान मिळाले म्हणजे विमान नेमके रेषेवर आहे. एक स्वर वरचढ झाला म्हणजे ते त्या अंगाला ढळले. या सगळ्याला मिळून इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, आद्याक्षरांनी आयएलएस, असे नाव आहे. ऑटोपायलट या लहरींना जोडून दिला की तो रेषा धरून विमान खाली आणतो, जमिनीजवळ त्याचे नाक उचलतो, चाके टेकवतो, आणि मध्यरेषेवरून धावतेही ठेवतो.

या उतरण्याच्या श्रेणी ठरलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत २०० फुटांवर येईतो धावपट्टी अथवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. दुसऱ्या श्रेणीत ही सीमा १०० फुटांवर येते. आणि तिसऱ्या श्रेणीच्या ‘ब’ वर्गात, जो दिल्लीच्या काही धावपट्ट्यांना लाभला आहे, धावपट्टीवर ५० मीटरपलीकडचे काही दिसत नसले तरी विमान उतरू शकते. मौज अशी, की त्याच धुक्यात उड्डाण करावयाचे तर मात्र १२५ मीटरपर्यंतचे दिसावे लागते. कारण विमान जमिनीवरून उचलण्याचे काम अद्याप माणसाच्याच हाती आहे. (धुक्यातील दृष्टिमर्यादा मोजणारे एक देशी यंत्र बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने तयार केले, त्याचे नाव ‘दृष्टी’. पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून याच विमानतळावर धुक्याचा अभ्यास करीत आली आहे.)

यंत्राने विमान सांभाळावे ही कल्पना काही नवी नव्हे. लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने १९१४ मध्ये पॅरिसजवळ सेन नदीवरून विमान नेताना दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना दाखवले होते, आणि प्रवासी असलेले विमान यंत्राच्या साहाय्याने प्रथम टेकवले गेले ते १० जून १९६५ रोजी लंडनला. लंडनच्या धुक्यानेच ब्रिटिशांना या विद्येकडे ढकलले. दिल्लीला ती आली तीही धुक्यापायीच.

आता वैमानिक काय करतात ते पाहू, कारण आपला विषय तो आहे. त्यांच्या समोरच्या पडद्यावर वरच्या कडेला शब्दांची एक बारीक ओळ असते. यंत्र या घटकेला काय करीत आहे ते तेथे उमटते: मध्यरेषा धरली, उतार धरला, उतरण्याच्या अवस्थेत आले, नाक उचलू लागले, धावू लागले. शब्द बदलला की एकाने तो मोठ्याने उच्चारायचा आणि दुसऱ्याने स्वतः पाहून दुजोरा द्यायचा. उतार धरल्यावर ठरलेल्या अंतरावर ठरलेली उंची आहे ना, हे निराळ्या साधनाशी ताडून पाहायचे. वेग, उतरण्याची गती, इंजिनांचा जोर, सगळे मर्यादेत आहे ना, हे पाहायचे. विमानाच्या बनावटीप्रमाणे १०० किंवा २०० फुटांवर एक सीमा असते. तिच्या वर यंत्रणेत विशिष्ट बिघाड दिसला तर उतरणे सोडून पुन्हा वर चढायचे. ही २०० फुटांची सीमा ओलांडल्यापासून चाके टेकेपर्यंत पंधरावीस सेकंद जातात. त्या सेकंदांत प्रमुख वैमानिकाचा हात इंजिनांच्या खटक्यांवर असतो, आणि तो हात बहुतेक वेळा काहीच करीत नाही.

बहुतेक वेळा काहीच करावे लागत नाही, हीच या पहाऱ्याची मुख्य अडचण आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून शत्रूच्या खुणा का निसटतात, हे शोधताना नॉर्मन मॅकवर्थ या केंब्रिजच्या संशोधकाने एक घड्याळासारखे यंत्र केले. त्याचा काटा ठराविक टप्प्यांनी सरके आणि क्वचित कधी एक टप्पा गाळून पुढे उडी घेई. ती उडी ओळखणे एवढेच समोर बसलेल्याचे काम. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष असे, की पहिल्या अर्ध्या तासानंतरच निरोगी, हुशार, मनापासून बसलेल्या माणसाचेही लक्ष ढळू लागते. पुढे १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका छोट्या निबंधात या गोष्टीतला विरोध नेमका दाखवला. माणूस चुकतो म्हणून त्याचे काम यंत्राला दिले जाते, आणि मग जे काम माणसाला सर्वांत वाईट जमते ते, म्हणजे क्वचित चुकणाऱ्या गोष्टीवर सतत नजर ठेवण्याचे काम, त्याच्याकडे सोपवले जाते. यंत्र जितके निर्दोष, तितका पहारा कठीण.

गेथशेमाने बागेतील प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. प्रभूने पेत्राला विचारले ते रात्रभराविषयी नव्हे, एका तासाविषयी (मार्क १४:३७). मॅकवर्थच्या प्रयोगातील माणसांची दृष्टी ज्या अवधीत मंदावली, त्याच्या दुप्पट एवढाच हा अवधी. शिष्य अविश्वासू होते म्हणून झोपले असे कोणताही शुभवर्तमानकार म्हणत नाही. लूक तर ते दुःखाने झोपी गेले असे सांगतो (लूक २२:४५). आणि प्रभू त्यांच्या आत्म्याची तयारी मान्य करून देहाच्या दुर्बलतेचा उच्चार करतो. आपल्या व्यासपीठांवरून या उताऱ्यावर जी प्रवचने होतात त्यांत झोपेचा निषेध पुष्कळ असतो, आणि देहाच्या दुर्बलतेविषयीचे प्रभूचे ज्ञान त्या मानाने थोडे. हे मला नेहमीच एकांगी वाटत आले आहे.

पहारा या मराठी शब्दाचे मूळ प्रहर या शब्दात आहे, हेही येथे सांगण्यासारखे. पहारा म्हणजे वाटून घेतलेला वेळ. मार्कच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी घरधनी केव्हा येईल हे सांगताना प्रभू संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट अशी रोमी पद्धतीची चार पहाऱ्यांची रात्र गृहीत धरतो. सर्वांनी जागे राहावे ही आज्ञा आहेच. पण ती जेथे दिली आहे तेथे पहारे वाटलेले आहेत, आणि आपला पहारा संपला की दुसरा येऊन उभा राहील, हे त्या प्रतिमेतच अंतर्भूत आहे. जो मालक द्वारपाळाला चारही पहारे एकट्याने देण्यास लावतो आणि त्याला डुलकी लागली म्हणून दंड करतो, तो त्या दाखल्यातला घरधनी नव्हे. आपल्या देशात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये जे नवे नियम ठरवले त्यांत वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्री उतरण्याची संख्या सहावरून दोनवर आणली. हे नियम पूर्णपणे लागू करण्याची वेळ २०२५ च्या नोव्हेंबरात आली, तेव्हा पुढल्याच महिन्यात इंडिगो या सर्वांत मोठ्या कंपनीची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, विमानतळांवर, दिल्लीत तर विशेष, हाहाकार उडाला, आणि अखेर त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. प्रवाशांचे हाल खरेच झाले. परंतु पहारेकऱ्याच्या झोपेची किंमत कोणी मोजावी, असा प्रश्न निघाला तेव्हा आपण सर्वांनी किती चटकन तिकिटाचे पैसे आणि वाया गेलेले दिवस मोजले, हे विसरता येत नाही.

तर मग पहाऱ्याची जबाबदारी माणसावर टाकणे अन्यायाचे आहे काय? तसे म्हणण्यापूर्वी पहारा म्हणजे काय हे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. शास्त्राच्या मूळ भाषांत त्यासाठी एकच शब्द नाही. ग्रीक नव्या करारात जागे राहण्याला ‘ग्रेगोरेओ’ हे क्रियापद येते. ते ‘एगेइरो’, म्हणजे उठवणे, या धातूपासून निघाले आहे, आणि पुनरुत्थानाच्या वर्णनात येते तेही ‘एगेइरो’च. त्याच्या जोडीला पौल आणि पेत्र दोघेही ‘नेफो’ हा शब्द ठेवतात, त्याचा अर्थ नशेत नसणे, शुद्धीवर असणे (१ थेस्सलनीकाकरांस ५:६, १ पेत्र ५:८). म्हणजे डोळे उघडे असणे एवढ्याने भागत नाही. उघड्या डोळ्यांमागची बुद्धी स्वच्छ असावी लागते. इब्री भाषेत तर पहारेकरी दोन प्रकारचे आहेत. एक ‘शोमेर’, म्हणजे राखण करणारा. एदेन बागेची मशागत व राखण करण्यासाठी माणसाला तेथे ठेवले, त्या वचनात हाच धातू आहे; मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय, असे काइनाने विचारले त्यातही हाच; आणि १२१ व्या स्तोत्रात जो झोप घेत नाही त्या परमेश्वरालाही हेच नाव दिले आहे. दुसरा ‘त्सोफे’, म्हणजे उंचावर उभा राहून दूरवर पाहणारा. यहेज्केलाला नेमले ते या कामावर. आपल्या भाषेत पहिल्याला राखणदार आणि दुसऱ्याला टेहळ्या म्हणता येईल. मराठीत दोघांनाही ‘पहारेकरी’ हा एकच शब्द वापरला की हा भेद बुजतो. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

भाविक माणूस येथे एक आक्षेप घेईल. ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्यावर पुन्हा नजर ठेवणे हा अविश्वासच नव्हे काय? नहेम्याच्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि त्याच वेळी रात्रंदिवस पहारेही बसवले (नहेम्या ४:९). त्यांना त्यात विसंगती दिसली नाही, आणि दिल्लीच्या आकाशाचा इतिहास पाहिला तर आपल्यालाही दिसू नये. १४ जून १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे टोकिओहून लंडनला निघालेले डीसी-८ विमान पालमला उतरत असताना धावपट्टीच्या पुष्कळ अलीकडे, यमुनेच्या काठी कोसळले आणि त्यातील ८२ जण मरण पावले. भारतीय चौकशीचा निष्कर्ष असा, की धावपट्टी नजरेस पडल्याची खात्री न करता वैमानिकांनी उपकरणांकडे लक्ष देणे सोडले. जपानी बाजूचे म्हणणे असे, की उताराची रेषा दाखवणारी लहरच खोटी होती. हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. जपानी म्हणणे खरे धरले, तरी विमान जमिनीच्या किती जवळ आले आहे हे सांगणारे उंचीमापक त्या लहरीवर अवलंबून नव्हते. एक साक्षीदार खोटे बोलत असेल तर दुसऱ्याला विचारल्यानेच ते कळते. पुढल्याच वर्षी, ३१ मे १९७३ रोजी, इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान याच पालमजवळ धुळीच्या वादळात ठरलेल्या किमान उंचीखाली उतरले, विजेच्या तारांना अडकले, आणि ६५ पैकी ४८ जण गेले. केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम् त्यांत होते.

खोटी लहर ही केवळ कल्पना नव्हे. आयएलएसच्या खऱ्या उताराच्या वर, अधिक चढ्या कोनांवर, त्याच लहरींचे खोटे उतारही तयार होतात. वरून उशिरा येणाऱ्या विमानाला ते भुलवू शकतात. जमिनीवरच्या विमानामुळेही लहर वाकते. ३ नोव्हेंबर २०११ रोजी म्युनिकला सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ आपोआप उतरत असताना त्याच धावपट्टीवरून नुकत्याच उडालेल्या दुसऱ्या विमानाने मध्यरेषेची लहर विस्कटवली, आणि ते अजस्र विमान धावपट्टी सोडून गवतात गेले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. म्हणूनच दिल्लीत धुके उतरले की जमिनीवरच्या विमानांना एरवीपेक्षा मागे थांबवतात. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तर याहून निराळा प्रकार झाला. दिल्लीच्या १० क्रमांकाच्या धावपट्टीकडे उपग्रहांच्या आधारे उतरणाऱ्या काही विमानांना आपण नाही त्या जागी असल्याचे खोटे संकेत मिळाले. सरकारने १ डिसेंबर २०२५ रोजी संसदेत ही गोष्ट मान्य केली. जेथे जमिनीवरची जुनी साधने चालू होती त्या धावपट्ट्यांवरील वाहतुकीला बाधा आली नाही, असेही सांगितले. येथे बिघाड नव्हता. कोणीतरी खऱ्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली होती. प्रेषित योहान आपल्या वाचकांना प्रत्येक आत्म्याची परीक्षा करावयास सांगतो (१ योहान ४:१), ते ऐकू येणारा प्रत्येक आवाज परिचित वाटतो म्हणूनच. बिरुयातील लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे शास्त्राशी ताडून पाहिले आणि त्यांना लूकने थोर मनाचे म्हटले. पौलाला त्यात आपला अवमान वाटला असे कोठे लिहिलेले नाही.

परंतु परीक्षा करावयाची ती कशाची, हे न कळता नुसते टक लावून बसल्याने काय होते, याचे उदाहरण युरोपात घडले. २५ फेब्रुवारी २००९ रोजी इस्तंबूलहून आलेले टर्किश एअरलाइन्सचे विमान ॲम्स्टरडॅमला आयएलएसवर उतरत होते. जमिनीपासूनची उंची सांगणारे डावीकडचे रेडिओ अल्टिमीटर बिघडले होते. विमान हवेत उंच असताना ते उणे आठ फूट दाखवीत होते. इंजिनांचा जोर सांभाळणारे यंत्र त्याच्यावर विसंबून होते. त्याने समजून घेतले की विमान जमिनीला टेकतच आहे, आणि जोर काढून घेतला. ऑटोपायलट मात्र दुसऱ्या बाजूच्या उंचीमापकावर चालत होता आणि उताराची रेषा इमानाने धरून होता. ती धरण्यासाठी तो नाक उचलत राहिला, वेग घटत राहिला. हे सुमारे १०० सेकंद चालले. कॉकपिटमध्ये दोन नव्हे, तीन वैमानिक होते. तिघांच्याही समोर वेग दिसत होता, त्या बारीक ओळीतला शब्दही दिसत होता. विमानातील १३५ जणांपैकी नऊ मरण पावले, त्यांत ते तिघेही.

हे झाले कसे? विमान त्या दिवशी रेषेच्या वरून तिच्याकडे आले होते. वरून येणाऱ्या विमानाने काही वेळ इंजिनांचा जोर कमी ठेवणे स्वाभाविकच असते. यंत्राने चुकीच्या कारणाने जे केले ते त्या घटकेला योग्य दिसणारे होते, आणि पुढे ते अयोग्य झाले तेव्हा पाहणाऱ्यांची नजर आधीच समाधान पावली होती. येथे पहाऱ्याविषयी एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. पाहणे ही निष्क्रिय गोष्ट नव्हे. आता पुढे काय घडले पाहिजे याचे चित्र ज्याच्या मनात आधी आहे, त्यालाच ते घडले नाही हे दिसते. हबक्कूक आपल्या पहाऱ्याच्या जागी उभा राहिला तो तेथे काय बोलणे होते ते पाहण्यासाठी, आणि आपण त्याला काय उत्तर द्यावे या तयारीने (हबक्कूक २:१). अपेक्षेवाचून पाहणारा माणूस खिडकीत बसलेल्या माणसासारखा असतो. रस्त्यावरून काय काय गेले ते त्याला सांगता येईल, कोण यायचे राहिले ते सांगता येणार नाही.

आमच्या भाषांतराच्या व्यवसायात हल्ली संगणकाने केलेले कच्चे मसुदे तपासावयास येऊ लागले आहेत, म्हणून हे अधिकच पटते. ओबडधोबड वाक्य तपासणाऱ्याला आपणहून थांबवते. गुळगुळीत वाक्य त्याला पुढे ढकलते. मूळ वचनात काय असले पाहिजे हे आधी मनात धरून मग मसुद्याकडे वळणारा आणि मसुदा वाचून ठीक वाटतो का पाहणारा, हे दोघे एकच काम करीत नाहीत, जरी दोघांच्या नावापुढे तपासनीस हाच शब्द लिहिला जातो. आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक हिशेबांवर ज्या सह्या होतात त्यांविषयीही असेच म्हणता येईल. खजिनदार सज्जन आहेत म्हणून सही करणे हा खजिनदारांचाही सन्मान नव्हे.

मग प्रश्न उरतो, की अर्ध्या तासात लक्ष ढळणाऱ्या माणसाने ही अपेक्षा जागती ठेवायची कशी? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दहा कुमारींचा दाखला येथे वाट दाखवतो, आणि तो जसा वाचला जातो तसा नव्हे. त्या दाखल्याच्या शेवटी जागृत राहण्याची आज्ञा आहे, म्हणून पाच शहाण्या जाग्या होत्या आणि पाच मूर्ख झोपल्या होत्या असे आपण सरसकट समजतो. पाचवे वचन नीट पाहावे. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी पेंगल्या आणि झोपी गेल्या. फरक तेलाचा होता, आणि ते तेल रात्र पडण्यापूर्वी घेतलेले होते. म्हणजे या दाखल्यापुरते जागे राहणे हे मध्यरात्रीचे काम नसून दिवसाउजेडी केलेली तयारी आहे.

विमानविद्येने हीच गोष्ट स्वतःच्या मार्गाने शोधून काढली. धुक्यात उतरण्यापूर्वी, अजून उंचावर असताना, दोघे वैमानिक सगळा उतार तोंडी म्हणून घेतात: कोणत्या अंतरावर कोणती उंची, कोणत्या क्षणी कोणता शब्द, कोणता बिघाड झाला तर कोणी काय उच्चारायचे, आणि परत चढावे लागले तर कोणत्या दिशेने किती. शेवटच्या पंधरा सेकंदांत विचार करण्यास वेळ नसतो, म्हणून विचार आधीच करून ठेवलेला असतो. त्याहूनही आधी, या श्रेणीच्या उतरण्याचे वेगळे शिक्षण घेतलेले असावे लागते. २०२३ च्या डिसेंबराच्या अखेरीस दिल्लीत दाट धुके पडले तेव्हा अनेक विमाने दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. धावपट्टी सज्ज होती, लहरी चालू होत्या; पण काही विमानांवर हे शिक्षण घेतलेले वैमानिकच नेमलेले नव्हते. महासंचालनालयाने त्याबद्दल दोन कंपन्यांना दंड केला. धुके दिल्लीला दरवर्षी ठरल्या वेळी येते. मध्यरात्री तेल विकत आणावयास निघालेल्या त्या पाच जणींचे वर्तन यापेक्षा फारसे वेगळे नव्हते.

आता तो राखणदार व टेहळ्या यांचा भेद. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायात टेहळ्याचे कर्तव्य स्पष्ट आहे. तलवार येताना पाहिली की त्याने शिंग फुंकावे. लोकांनी ऐकले नाही तर त्यांचे रक्त त्यांच्याच माथी. टेहळ्याने आपला जीव वाचवला. हा नियम न्याय्य आहे, कारण टेहळ्याच्या हाती शिंगावाचून काही नाही. वेशीचे दरवाजे लावणे त्याच्या अधिकारात नाही. पण ज्या पहारेकऱ्याच्या समोर, प्रमुखाच्या समोर असतात तशीच, सुकाणूची जोडी आहे, त्याला हा नियम पुरतो काय?

२२ मे २०१० च्या सकाळी एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान मंगळुरूला आयएलएसवर उतरत होते. तेथील रडार त्या वेळी बंद असल्यामुळे विमानाला उतरण्याची अनुज्ञा नेहमीपेक्षा जवळच्या अंतरावर मिळाली, वैमानिकांनी उताराची आखणी नीट केली नाही, आणि विमान रेषेच्या फार वर राहिले. प्रमुख वैमानिक प्रवासात दीर्घकाळ झोपलेले होते. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले, टोक ओलांडून दरीत गेले, आणि १६६ पैकी १५८ जण मरण पावले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने या अपघाताचे प्रत्यक्ष कारण असे दिले, की सहवैमानिकाने तीनदा परत चढण्यास सांगूनही आणि जमिनीच्या जवळिकीचा इशारा देणाऱ्या यंत्राने वारंवार सावध करूनही प्रमुखांनी उतरणे सोडले नाही. येथे यंत्राने आपला पहारा चोख दिला होता, ही गोष्ट यंत्राच्या बाजूने नोंदवली पाहिजे. टेहळ्यानेही दिला होता. एकदा नव्हे, तीनदा शिंग फुंकले गेले. यहेज्केलाच्या मापाने त्या सहवैमानिकाचा जीव वाचला. त्या सकाळी मात्र तो वाचला नाही, आणि मागे बसलेल्या दीडशेहून अधिक जणांचाही नाही.

त्याने सुकाणू स्वतःच्या हाती का घेतले नाही? आज्ञाधारकपणाची सवय, वरिष्ठाविषयीचा आदर, जे आपल्या घरांत आणि मंडळ्यांत गुण म्हणूनच शिकवले जातात, त्यांचा यात किती वाटा होता हे आता कोणी सांगू शकणार नाही. काइनाच्या प्रश्नाला शास्त्राने सरळ उत्तर दिलेले नाही. परमेश्वर त्याला जमिनीतून ओरडणाऱ्या रक्ताविषयी सांगतो, आणि त्यावरून वाचकाने उत्तर समजावे अशी अपेक्षा आहे. विमानाच्या नियमपुस्तकात मात्र असे समजून घेण्यावर सोडलेले चालत नाही. न्यायालयाने आपल्या अहवालात लिहिले, की सहवैमानिकाला स्वतः उतरणे सोडून देण्याचा अधिकार देणाऱ्या निरनिराळ्या सूचनांत संदिग्धता होती, आणि बहुधा म्हणूनच त्याने पुन्हा पुन्हा सांगितले, पण नियंत्रण आपल्याकडे घेतले नाही. तो टेहळ्या आहे की राखणदार, हे त्याला कोणी नेमके सांगितलेले नव्हते.